पॅकेज मॅनेजर दुसऱ्या ॲपच्या पोटात बसवतात, म्हणजे नेमकं काय करतात?

नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. 'लायनस टेक टिप्स' या यूट्यूब चॅनलवाला लायनस सेबॅस्टियन लिनक्सवर गेम खेळता येतात का, हे तपासत होता. त्यानं 'पॉप ओएस' नावाचं लिनक्स टाकलं आणि गेमसाठी लागणारं 'स्टीम' इन्स्टॉल करायला घेतलं. आधी पॉप ओएसच्या ॲप स्टोअरमधून प्रयत्न केला. स्टोअरनं एरर दाखवली आणि इन्स्टॉल करायला नकार दिला. मग त्यानं काळी टर्मिनल विंडो उघडली आणि तीच गोष्ट कमांड देऊन मागितली.

टर्मिनलनं भलीमोठी यादी दाखवली. त्यात काय काय उडवलं जाणार आहे हे लिहिलं होतं. खाली इशारा होता, की तुम्ही धोकादायक काहीतरी करताय, तरीही पुढं जायचं असेल तर "येस, डू ॲज आय से!" हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा.

लायनसनं टाइप केलं. डेस्कटॉपच गायब झाला.

यावर इंटरनेटवर रणकंदन झालं. चूक त्याची की लिनक्सची, यावर लोक आठवडाभर भांडत होते. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. स्टोअर आणि टर्मिनल, दोन्हीच्या मागं काम करणारं यंत्र एकच होतं. त्याचं नाव 'ॲप्ट'. मग एका दारातून "नाही" उत्तर आलं आणि दुसऱ्या दारातून "नक्की ना?" असा प्रश्न, हे कसं काय? याचं उत्तर शोधायचं तर पॅकेज मॅनेजर दुसऱ्या प्रोग्रामच्या आत कसा बसवतात, हे समजून घ्यावं लागतं.

आधी, पॅकेज मॅनेजर म्हणजे काय?

फोनवर आपण प्ले स्टोअरमधून ॲप घेतो, ते एका डब्यात सगळं भरून येतं. लिनक्सवर किंवा पायथनसारख्या भाषांमध्ये तसं नसतं. तिथं एक प्रोग्राम दुसऱ्यावर अवलंबून असतो, दुसरा तिसऱ्यावर. फोटो एडिटर हवा असेल तर फोटो वाचणारा तुकडा हवा, तो चालायला आणखी एक तुकडा हवा, आणि तोही ठरावीक आवृत्तीचाच. हे सगळं शोधणं, आवृत्त्या जुळवणं, डाउनलोड करणं, वाटेत कोणी फाइल बदलली नाही ना हे सहीवरून तपासणं, जागच्या जागी ठेवणं आणि कुठं काय ठेवलं याची नोंद लिहिणं, एवढी कामं पॅकेज मॅनेजर करतो. डेबियन आणि उबंटूवर ॲप्ट, आर्च लिनक्सवर पॅकमॅन, पायथनसाठी पिप, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम. नावं वेगळी, धंदा एकच.

कमांड देणं आणि आत बसवणं

आता समजा तुम्हाला स्वतःचं ॲप स्टोअर बनवायचंय. छान आयकॉन, मोठं 'इन्स्टॉल' बटण. इन्स्टॉल करण्याचं खरं काम पुन्हा पहिल्यापासून लिहिणं हा वेडेपणा आहे, ते काम पॅकेज मॅनेजर आधीच करतो. त्याच्याकडून ते करून घ्यायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे बाहेरून जेवण मागवण्यासारखा. तुमचं ॲप पडद्यामागं तीच कमांड चालवतं जी तुम्ही टर्मिनलमध्ये टाइप केली असती, आणि उत्तरादाखल जो मजकूर येतो तो वाचतं. सोपं आहे. पण पाकिटात काय येईल त्यावर तुमचा ताबा नाही. ॲप्टची कमांड प्रोग्राममधून चालवून तिचा मजकूर वाचायला गेलात, तर ती स्वतःच इशारा देते की माझ्या मजकुराची रचना कायम राहील याचा भरवसा धरू नका. म्हणजे उद्या एखादी ओळ बदलली की तुमचं बटण गोंधळात पडणार.

दुसरा मार्ग म्हणजे आचारी घरी बोलावणं. पॅकेज मॅनेजरचं इंजिन 'लायब्ररी' म्हणून तुमच्या प्रोग्रामला जोडायचं. इथं लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येईल असा तयार कोडचा संच, एवढाच अर्थ. आचारी घरी आला की मेनू तुमचा, तिखट-मीठ तुमचं. पण शेगडी, गॅस आणि पाहुणे उपाशी राहिले तर येणारे टोमणे, तेही तुमचेच.

पॅकमॅनचं उदाहरण

ही पद्धत सर्वात स्वच्छ दिसते ती आर्च लिनक्सच्या पॅकमॅनमध्ये. जड विनेट या कॅनडातल्या प्रोग्रामरनं २००२ मध्ये आर्च सुरू केलं, तेव्हा पॅकमॅन हा एकसंध प्रोग्राम होता. २००७ मध्ये ३.० आवृत्ती आली तेव्हा त्याचे दोन भाग झाले. 'लिबॲल्पम' नावाची लायब्ररी, म्हणजे इंजिन, आणि पॅकमॅन ही कमांड, म्हणजे त्यावरचा पातळ मुखवटा. तुम्ही तुमचा मुखवटा लिहिला तरी चालतं. पामॅक हे ग्राफिकल ॲप याच इंजिनवर चालतं.

लिबॲल्पमशी प्रोग्रामचा संवाद साधारण असा होतो. आधी सांगायचं, कॉम्प्युटरची मुळं कुठं आहेत आणि नोंदवही कुठं ठेवलीय. ही जागा बदलता येते, त्यामुळं चालू सिस्टीमला हात न लावता बाजूच्या फोल्डरमध्ये अख्खं नवीन लिनक्स मांडता येतं. मग पॅकेजेस कुठल्या सर्व्हरवरून घ्यायची, सह्या किती कडक तपासायच्या, डाउनलोड कुठं साठवायचे, हे ठरवायचं.

मग एक 'व्यवहार' उघडायचा. हे बँकेच्या व्यवहारासारखंच आहे. व्यवहारात हवी ती पॅकेजेस टाकायची, इंजिनला तयारी करायला सांगायचं, ते अवलंबित्व आणि भांडणं तपासतं, आणि सगळं ठीक असेल तरच अंतिम शिक्का मारायचा. व्यवहार चालू असताना इंजिन एक कुलूप-फाइल बनवतं, म्हणजे त्याच वेळी दुसरं कोणी नोंदवहीत लिहू शकत नाही. तुमचं ॲप मध्येच क्रॅश झालं तर ही फाइल तशीच पडून राहते आणि पुढच्या वेळी "डेटाबेसला कुलूप लावता येत नाही" अशी एरर येते. लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर हा प्रश्न दर काही दिवसांनी कोणीतरी विचारतंच.

प्रश्नाचं उत्तर कोण देणार?

आता खरा मुद्दा. इन्स्टॉल करताना इंजिनला मध्येच प्रश्न पडतात. हे नवीन पॅकेज जुन्याशी भांडतंय, जुनं काढू का? ही सही ओळखीची नाही, विश्वास ठेवू का? हेच काम करणारी तीन पॅकेजेस आहेत, कुठलं घेऊ?

टर्मिनलमध्ये हे प्रश्न थेट माणसापुढं येतात. लायब्ररीत मात्र इंजिन ते प्रश्न यजमान प्रोग्रामकडे पाठवतं. त्यासाठी प्रोग्रामरनं आधीच एक छोटा कोड नोंदवून ठेवलेला असतो, त्याला 'कॉलबॅक' म्हणतात. म्हणजे "तुला काही विचारायचं असेल तर या नंबरवर फोन कर" असं सांगून ठेवल्यासारखं.

फोन उचलणारा काय उत्तर देईल, हे पूर्णपणे त्याच्यावर. एखादा सुंदर डायलॉग बॉक्स दाखवेल. एखादा सगळ्याला "नाही" म्हणून एरर दाखवेल. आणि एखादा आळशी प्रोग्रामर सगळ्याला "हो" म्हणून मोकळा होईल, वापरणाऱ्याला कळणारही नाही. सह्या तपासायच्या की नाही, हेही यजमान ठरवत असल्यानं ही गंमत नाही. पॅकेज मॅनेजर बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या सर्वोच्च अधिकारानं चालतो. त्याचं एक चुकीचं "हो" म्हणजे घराची किल्ली देणं.

या अधिकाराच्या प्रश्नामुळंच काही ॲप्स इंजिन थेट स्वतःत बसवत नाहीत. रिचर्ड ह्यूजेस यांनी २००७ मध्ये सुरू केलेला 'पॅकेजकिट' हा प्रकल्प मधला मार्ग काढतो. वेगवेगळ्या पॅकेज मॅनेजरांची इंजिनं पडद्यामागच्या एका वेगळ्या सेवेत बसवलेली असतात, आणि बटणं असलेलं ॲप साध्या अधिकारानं फक्त निरोप पाठवतं. नोम सॉफ्टवेअरसारखी स्टोअर्स हे वापरतात. पॉप ओएसचं स्टोअरही अशाच वाटेनं ॲप्टपर्यंत पोचत होतं.

याउलट सिनॅप्टिक हे जुनं ग्राफिकल ॲप ॲप्टची लायब्ररी थेट वापरतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून लिनक्स शिकलेल्यांनी ते पाहिलं असेल, तिथं त्यावर धडा आहे.

"मला आत घेऊ नका" म्हणणारा पिप

सगळेच पॅकेज मॅनेजर घरी यायला तयार नसतात. पायथनचा पिप तर स्पष्ट नाही म्हणतो.

पिप स्वतः पायथनमध्येच लिहिलेला आहे. त्यामुळं पायथन प्रोग्राममध्ये तो एका ओळीत आत घेता येतो, आणि वर्षानुवर्षं लोकांनी तेच केलं. पिपच्या टीमनं याला कधीच पाठिंबा दिला नव्हता. कारणंही सांगितली होती. पिपचा कोड असं गृहीत धरतो की चालू प्रोग्राम फक्त माझा आहे, म्हणून तो लॉगिंगसारख्या सामायिक गोष्टी स्वतःच्या मर्जीनं बदलतो. एकाच वेळी अनेक धाग्यांत चालायला तो बनलेला नाही. आणि तुमच्या चालू प्रोग्रामनं एखादं पॅकेज आधीच मेमरीत घेतलं असेल, आणि पिपनं डिस्कवर त्याची नवी आवृत्ती टाकली, तर अर्धं जुनं अर्धं नवं अशी खिचडी होते.

एप्रिल २०१८ मध्ये पिप १० आला. टीमनं सगळा आतला कोड 'इंटर्नल' नावाच्या, सुरुवातीला अधोरेखा असलेल्या कप्प्यात हलवला. पायथनच्या जगात अशी अधोरेखा म्हणजे दारावर 'खासगी' अशी पाटी. त्या दिवशी जगभरातल्या असंख्य स्क्रिप्ट्स "मेन हे नाव इम्पोर्ट करता येत नाही" म्हणत बंद पडल्या. गंमत म्हणजे त्यात उबंटूची स्वतःची पिप कमांडही होती. लोकांनी पिपनं पिप अपडेट केला, आणि उबंटूची ती छोटी कमांड जुन्या जागी कोड शोधत बसली. हे फोरमवरचं सर्वात जास्त विचारलं गेलेलं दुखणं ठरलं.

आजही पिपचा सल्ला एकच आहे. वेगळी प्रोसेस सुरू करा आणि कमांड म्हणूनच मला बोलवा. म्हणजे बाहेरून जेवण मागवा.

एनपीएमनंही हाच रस्ता धरला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत अख्खा एनपीएम कोडमध्ये ओढून घ्यायची सोय काढून टाकली. पण त्यांनी एक शहाणपणा केला होता. अवलंबित्वाचं झाड बांधणारा भाग 'आर्बोरिस्ट' नावानं वेगळी लायब्ररी म्हणून आधीच काढून ठेवला होता. ज्याला खरंच तेवढंच हवं, त्यानं तेवढंच घ्यावं. रस्टचा कार्गो लायब्ररी म्हणून मिळतो, पण तिच्या स्थिरतेची हमी नाही असं त्याची टीम सांगते. माहितीच हवी असेल तर कार्गोची एक कमांड ती मशीनला वाचता येईल अशा जेसन स्वरूपात देते, म्हणजे मजकुराच्या ओळी चाळत बसायला नको. माझ्या मते दहापैकी आठ जणांची गरज इथंच भागते.

फक्त मेंदू बदलला: कोंडा आणि मांबा

डेटा सायन्सचा कोर्स केलेल्या कोणालाही 'सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट' ही ओळ दाखवा, तो उसासा टाकेल. कोंडा या पॅकेज मॅनेजरमध्ये ही ओळ यायची, शेजारी एक रेघ गोल गोल फिरायची, आणि तुम्ही चहा पिऊन यायचात तरी ती फिरतच असायची.

कारण आवृत्त्या जुळवणं हे मुळातच अवघड गणित आहे. कॉलेजचं टाइमटेबल आठवा. या सरांना सोमवारी जमत नाही, त्या मॅडमना लॅब हवी, हे दोन वर्ग एकाच वेळी नकोत. पॅकेजेस आणि अटी वाढल्या की शक्यता प्रचंड वेगानं वाढतात. संगणकशास्त्रात अशा प्रश्नांना एनपी-पूर्ण म्हणतात, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी पद्धत कोणाला माहीत नाही.

याचं चांगलं उत्तर दुसऱ्याच गावात तयार होतं. सुसे लिनक्सच्या मायकल श्रोडर यांनी याच गणितासाठी एक वेगवान इंजिन लिहिलं होतं, जे जून २००८ मध्ये ओपनसुसे ११.० मधून लोकांपर्यंत पोचलं. पुढं त्याची 'लिबसॉल्व्ह' नावाची लायब्ररी झाली. फेडोराचा डीएनएफही तीच वापरतो. ती फक्त कोडं सोडवते. डाउनलोड, फाइल्स, सह्या यात ती पडत नाही, आणि म्हणूनच ती कुठंही बसते.

२०१९ मध्ये वुल्फ वोलप्रेश्ट यांनी लिबसॉल्व्ह वापरून कोंडाला पर्याय म्हणून 'मांबा' बनवला. ॲनाकोंडा साप, मांबाही साप, फक्त जास्त चपळ. लोकांना फरक लगेच जाणवला. मग मांबाचं इंजिनही 'लिबमांबा' म्हणून वेगळं झालं, आणि जे घडलं ते मला फार आवडतं. कोंडानंच ते स्वतःच्या आत बसवलं. आधी प्लगइन म्हणून, आणि २०२३ च्या शेवटी आलेल्या २३.१० आवृत्तीपासून न मागता. कमांड त्याच, सेटिंग त्याच, फाइल्स मांडायची पद्धत तीच. कोडं सोडवणारा मेंदू तेवढा नवीन. जुना हवा असेल तर 'क्लासिक' म्हणून मागता येईल अशी सोयही ठेवली. लिनक्ससाठी लिहिलेलं इंजिन असं पायथन शिकणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर येऊन बसलं, बहुतेकांना पत्ताही नाही.

आत बसवण्याची किंमत

आर्च वापरणाऱ्यांमध्ये 'येय' आणि 'पारू' ही दोन मदतनीस ॲप्स लोकप्रिय आहेत. मालिकेतल्या पारूशी हिचा संबंध नाही. दोन्ही लिबॲल्पम वापरतात, येय गो भाषेतून आणि पारू रस्टमधून. लायब्ररीच्या फाइलला एक क्रमांक असतो. इंजिनमध्ये मोठा बदल झाला की तो वाढतो. २०२१ मध्ये पॅकमॅन ६.० आला तेव्हा तो १३ झाला, २०२४ मध्ये ७.० आला तेव्हा १५. येय मात्र जुनाच क्रमांक शोधतं, सापडत नाही, आणि सुरूच होत नाही. पॅकमॅन येयला आपोआप दुरुस्तही करत नाही, कारण ते आर्चच्या अधिकृत भांडारातून नाही तर वापरकर्त्यांच्या भांडारातून आलेलं असतं. मग येयचा कोड हातानं आणून, नव्या इंजिनवर पुन्हा बांधून घ्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम, पण रात्री बारा वाजता पहिल्यांदा करताना घाम फुटतो. एररमध्ये लिबॲल्पम आणि एखादा क्रमांक दिसला तर घाबरू नका, सिस्टीम ठीक आहे, फक्त वरचा मुखवटा जुना झालाय.

दुसरी किंमत परवान्याची. लिबॲल्पम आणि ॲप्टची लायब्ररी जीपीएल परवान्याखाली आहेत. ती जोडून बनवलेलं ॲप तुम्ही लोकांना दिलंत, तर तुमचा कोडही त्या परवान्याला सुसंगत अटींवर खुला करावा लागतो. लिबसॉल्व्हचा बीएसडी परवाना सैल आहे, तिथं ही अट नाही. कंपन्या आत काय बसवायचं हे ठरवताना अनेकदा वेगाआधी हे बघतात.

मग ॲप्टचं पुढं काय झालं?

लायनसच्या व्हिडिओत स्टोअरनं "नाही" म्हटलं आणि टर्मिनलनं प्रश्न विचारला, कारण तो निर्णय इंजिनचा नव्हताच. डेस्कटॉप उडवणारं उत्तर इंजिननं शोधून दिलं होतं. ते स्वीकारायचं की नाही, हे प्रत्येक मुखवटा आपापल्या परीनं ठरवत होता.

त्याच महिन्यात ॲप्टची २.३.१२ आवृत्ती आली. अत्यावश्यक म्हणून खूण केलेली पॅकेजेस काढावी लागतील अशी उत्तरं कोडं सोडवणाऱ्या भागानं शोधूच नयेत, असा बदल त्यात केला गेला. हा भाग लायब्ररीत असल्यामुळं ती वापरणाऱ्या सगळ्या मुखवट्यांना त्याचा फायदा मिळाला. टर्मिनलमधला "येस, डू ॲज आय से!" हा प्रश्नही गेला. आता तिथं सरळ नकार येतो, की सिस्टीमसाठी अत्यावश्यक पॅकेजेस काढायला परवानगी नाही. तरीही काढायचीच असतील, तर कमांडमध्ये तसा वेगळा पर्याय आधीच लिहून द्यावा लागतो.